सिस्टरांचे केसपेपर

‘कॉम्प्युटर बिघडला’ असं कुणी म्हटलेलं सिस्टरांना चालत नसे. “बिघडला की नाही ते मी ठरवीन. तुम्ही फक्त काय होतंय ते सांगा,” असं म्हणून त्या चष्मा कपाळावर सरकवत आणि नवा केसपेपर काढत. केसपेपर म्हणजे अगदी खराच. वर खोली नंबर, मशीनचं वय, आधीचे आजार. मग विचारपूस सुरू. कधीपासून होतंय? सकाळी जास्त की संध्याकाळी? एकदम झालं की हळूहळू वाढत गेलं? आणि आदल्या दिवशी पोटात नवीन काही घातलं होतं का? हा शेवटचा प्रश्न विचारताना त्या समोरच्याच्या डोळ्यांत बघत आणि समोरचा हमखास भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागे.

“मी काहीच केलं नाही हो सिस्टर. आपोआपच झालं.”

“बरं,” सिस्टर म्हणत आणि कागदावर लिहीत : नातेवाईक माहिती लपवत आहेत.

लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर सिस्टरांच्या खोलीत मी तीन वर्षं पेइंग गेस्ट होते. पोटमाळा माझा आणि खालची खोली त्यांची व त्यांच्या पेशंटांची. मी चिपळूणहून नोकरीसाठी आलेली, परळच्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या रक्ता-लघवीचे रिपोर्ट टाइप करायचे. संध्याकाळी घरी यावं तर जिन्याजवळच्या टेबलावर कुणाचा तरी उघडा पडलेला कॉम्प्युटर, शेजारी किडनी ट्रे, त्यात चिमटा, कापूस, स्पिरिटची बाटली, रंगाचा एक मऊ ब्रश, आणि सिस्टर कानाला स्टेथोस्कोप लावून हार्ड डिस्क तपासतायत. पहिल्या दिवशी मी घाबरून दारातच थांबले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “चपला बाहेर. पेशंटला धूळ चालत नाही.”

वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या सिस्टरांनी सगळी नोकरी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात काढली. निवृत्तीला काही वर्षं राहिली असताना वॉर्डात कॉम्प्युटर आला आणि डिस्चार्जचे कागद त्यातून निघायला लागले. तो अडला की दुरुस्तीवाला तीन दिवसांनी येई आणि बरी झालेली माणसं तीन दिवस नुसती खाटेवर बसून राहत. हे सिस्टरांना सहन होईना. दुरुस्तीवाला आला की त्या त्याच्या मागे वही घेऊन उभ्या राहायच्या. “तो काय करतो ते बघितलं. दहातल्या सात वेळा तो बंद करून चालू करायचा,” त्या सांगत. “म्हटलं, एवढं तर मला येतं.” निवृत्त झाल्यावर लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून त्यांनी स्वतःचा कॉम्प्युटर जोडला आणि चाळीतल्या बत्तीस खोल्यांचा वॉर्ड करून टाकला. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, हे विचारायची माझी तीन वर्षांत छाती झाली नाही.

त्यांचा पहिला उपचार ठरलेला. मशीन नीट बंद करायचं, प्लग काढायचा, गॅसवर चहा ठेवायचा, तो निवांत बसून प्यायचा, कप विसळून पालथा घालायचा आणि मगच बटण दाबायचं. कपाचा भाग कुणी गाळलेला त्यांना बरोबर कळे. बरेचसे पेशंट एवढ्यावरच उठून बसत आणि केसपेपरवर शेरा पडे : विश्रांतीनं बरा.

“पण नक्की झालं काय होतं त्याला?” मी एकदा विचारलं.

“अर्ध्या वॉर्डाला काय झालंय ते डॉक्टरांनाही कळायचं नाही ग. झोप झाली की बरे व्हायचे. आपण कशाला खोलात जायचं?”

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीणबाई राहत. त्यांचा कॉम्प्युटर दर पंधरा मिनिटांनी आपला आपण बंद पडे. भाच्यानं व्हायरस म्हणून सांगितलं होतं, जावयानं नवीन घ्या म्हणून सांगितलं होतं. सिस्टर गेल्या, त्यांनी हाताची मागची बाजू मशीनला लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. मशीनवर बाईंच्या रुखवतातलं क्रोशाचं कव्हर होतं, वर दोन हत्ती आणि एक कमळ विणलेलं. कव्हरवर फुलदाणी, आणि हे सगळं कपाटाच्या खालच्या कप्प्यात कोंबलेलं.

“बाई, ताप आलेल्या माणसाला गोधडी पांघरता तुम्ही?”

“अहो, धूळ बसू नये म्हणून...”

सिस्टरांनी मागची जाळी ब्रशनं झाडली. आतून कापसाचे बोळे निघाले तेवढी धूळ निघाली. “ही घ्या. उशी होईल एक.” मशीन कपाटाबाहेर आलं आणि पुन्हा कधी बंद पडलं नाही. पण मास्तरीणबाई कव्हरावरून रुसल्या त्या रुसल्याच, कारण ते हत्ती त्यांनी स्वतः विणले होते. शेवटी तडजोड झाली. मशीन बंद असताना हत्ती वर, चालू असताना हत्ती खाली. केसपेपरवर तसं पथ्य लिहून सिस्टरांनी खाली बाईंची सही घेतली.

याच बाई महिन्याभरात धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आल्या. स्क्रीन लाल झाली होती, भोंगा वाजत होता आणि ‘तुमच्या मशीनला भयंकर रोग झालाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असं काहीतरी इंग्रजीत झळकत होतं. सिस्टर शांतपणे उतरल्या, दोन बटणं एकत्र दाबली आणि ती खिडकी मिटली. “ध्यानात ठेवा. खरा डॉक्टर कधी भोंगा वाजवत येत नाही. ओरडून नंबर सांगणाऱ्याला फोन करायचा नाही. खिडकी मिटायची, नाही मिटली तर सरळ मशीन बंद.” बाईंनी हे मोत्यासारख्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं.

मीही सुटले नाही. सिस्टीमचं अपडेट चालू झालं की सिस्टर स्क्रीनवर एक पुठ्ठा अडकवत : ‘सलाईन चालू आहे. हात लावू नये.’ एकदा मला घाईनं काहीतरी छापून न्यायचं होतं, गोल गोल फिरणारं चक्र संपेना, म्हणून मी प्लग ओढला. पुन्हा चालू केलं तर काळी स्क्रीन. सिस्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोन दिवस बसून मशीन उभं केलं आणि ते दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी केसपेपर माझ्यापुढे ठेवला. “लिही. आजाराचं कारण.” मी लिहिलं : पेइंग गेस्टचा मूर्खपणा. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि ताटात मला एक जास्तीचा बोंबील वाढला.

पण त्यांचा खरा जीव होता तो डोसावर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी नऊ वाजता, खांद्याला लस ठेवायची जुनी निळी पेटी अडकवून त्या गॅलरीतून निघायच्या. पेटीत पेन ड्राइव्ह. दारोदार जाऊन ज्याच्या त्याच्या मशीनमधले फोटो, कागदपत्रं, मुलांचे प्रकल्प त्या ज्याच्या त्याच्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायच्या आणि तो घरच्या बाईच्या हातात द्यायच्या. “मशीनशेजारी नको. दागिन्यांच्या डब्यात ठेवा.” मग पोलिओवाले करतात तशी दाराच्या चौकटीवर खडूनं खूण. डोस झाला तर बरोबर, न झाला तर फुली. बत्तीस खोल्यांपैकी कॉम्प्युटर होते एकोणीस घरांत, आणि अठरा चौकटींवर बरोबर असायचं.

फुली होती आमच्या शेजारी, तात्यांच्या चौकटीवर.

तात्या माझगावच्या गोदीत फिटर होते. देवगडकडचे. ऐंशीला टेकलेले, पण पाठ ताठ. चार वर्षांपूर्वी चाळीच्या सत्यनारायणाला त्यांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं होतं, “माझा पुस्तक येतला. गोदीचा.” जहाजं, अपघात, संप, आणि त्यांच्याबरोबर घाम गाळलेली, आता कुणाला नावानिशी आठवत नसलेली माणसं, सगळं त्यात येणार होतं. तेव्हापासून मुलानं दिलेल्या कॉम्प्युटरसमोर ते रोज आंघोळ करून बसत आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, कुकरची शिट्टी होईपर्यंत भिंतीपलीकडून एका बोटाचा टकटक आवाज येई. चाळीत त्यांना फार मान होता. “कुठवर आलं पुस्तक, तात्या?” “चाललाहा.” गोदीतले दोन जुने सोबती उरले होते, ते दर गणपतीत येऊन विचारत, “आमचा नाव येतला मा रे?” तात्या सांगत, “सगळ्यांचा येतला.”

आणि या पुस्तकाची दुसरी प्रत जगात कुठे नव्हती. डोस म्हटला की तात्या दारातच आडवे हात करून उभे. “पुरा झाल्याशिवाय कोणाक दाखवूचा नाय.”

“मी वाचणार नाही हो तात्या. उतरवून घेणार फक्त.”

“आज नको, सिस्टर. फुडल्या म्हयन्यात.”

सिस्टर कधी जबरदस्ती करत नसत. पेशंट नाही म्हणाला की नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम होता. पण फुली काढताना खडू तुटेल एवढा दाबायच्या.

त्या वर्षी खंडेनवमी महिन्याच्या पहिल्या रविवारी आली. नऊला सिस्टर तात्यांच्या दारात गेल्या, नेहमीसारखा नकार घेऊन परतल्या आणि पुढच्या खोल्यांकडे वळल्या. मला सुट्टी होती, मी गॅलरीत केस वाळवत उभी होते. तात्या पूजेच्या तयारीत होते. गोदीत खंडेनवमीला लेथ मशीन पुसूनपासून, हार घालून, नारळ फोडून त्याचं पहिलं पाणी मशीनवर शिंपडायची पद्धत होती. निवृत्तीनंतर हत्यारं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी तो मान कॉम्प्युटरला दिला होता. हार, हळदकुंकू, नारळाचं पाणी, सगळं. तीन वर्षं यात काही वावगं घडलं नाही, कारण मशीनच्या वरच्या जाळीवर काकींनी पातेल्याचं मोठं झाकण ठेवलेलं असे. पाणी झाकणावर पडे आणि काकी ते पुसून घेत. पण दोनच महिन्यांपूर्वी सिस्टरांनी, मास्तरीणबाईंच्या हत्तींचा दाखला देऊन, ते झाकण काढायला लावलं होतं. “जाळी मोकळी ठेवा. श्वास घेऊ दे त्याला.”

तात्यांनी मशीन चालू ठेवलं होतं, कारण पूजेच्या वेळी देव जागा असायला हवा असं त्यांचं म्हणणं. नारळ एका फटक्यात फुटला. त्यांनी डोळे मिटून, मनात गोदीतल्या सगळ्या मशीनांची नावं घेत, अख्खी वाटी जाळीवर उपडी केली.

आवाज मला गॅलरीत ऐकू आला. आधी तडतड, मग जळका वास, मग काकींची किंकाळी. तात्या हातात करवंटी घेऊन उभे होते. “माझा पुस्तक,” एवढंच ते म्हणाले.

सिस्टर चार दारं पलीकडे होत्या. त्या पळत आल्याचं मी तेव्हा एकदाच पाहिलं. “कुणी हात लावू नका! आधी मेन बंद!” मी मेन बंद केला, त्यांनी प्लग ओढला. तोवर गॅलरीत सगळी चाळ जमली आणि प्रत्येकाला एकच गोष्ट करायची होती, बटण दाबून बघायचं. “एकदा बघूया तरी चालू होतंय का,” असं तिघांनी म्हटलं. सिस्टर मशीनपुढे हात पसरून उभ्या राहिल्या. “ओलं असताना कोणी बटण दाबलं, तर त्याचं बोट मी प्लास्टरमध्ये घालीन.” काकी तांदळाचा डबा घेऊन आल्या. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात ना, म्हणून. “काकी, त्याचा भात करा. आज आम्ही तुमच्याकडेच जेवू. मला वेळ नाही.”

त्यांनी मशीन उघडलं. आत गोड वास येत होता. एकेक केबल काढत त्यांनी हार्ड डिस्क बाहेर घेतली आणि आमच्या खोलीत आणली. डिस्टिल्ड वॉटरनं कापूस ओला करून चिकटपणा पुसला, मग स्पिरिटनं पुन्हा पुसलं, कोपरे कानात घालायच्या काडीनं. मी बॅटरी धरून होते. त्यांचा हात स्थिर होता, पण चेहरा उतरला होता.

“झाकण मी काढायला लावलं,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही बरोबरच सांगितलं होतं.”

“बरोबर सांगून पेशंट गेला तर नर्सला काय वाटतं ते तुला माहीत नाही.”

डिस्क पंख्याखाली पांढऱ्या नॅपकिनवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दसरा. सिस्टर सकाळी पांढरी साडी नेसून विहारात जाऊन आल्या, आल्यावर साडी न बदलताच टेबलाशी बसल्या. डिस्क केबलनं त्यांच्या मशीनला जोडली. बटण दाबण्याआधी कानाला स्टेथोस्कोप लावला आणि दुसरं टोक डिस्कवर ठेवलं. बाहेर गॅलरीत तात्या, काकी आणि निम्मी चाळ उभी. गोदीतले दोन सोबतीही सोनं द्यायच्या निमित्तानं आलेले होते.

“फिरतेय,” सिस्टर कुजबुजल्या. “ठोके बरोबर आहेत.”

स्क्रीनवर डिस्क उघडली. एकच फोल्डर, ‘पुस्तक’. त्यात एकच फाइल. त्यांनी ती उघडली नाही. शब्द दिला होता. फक्त उजवं बटण दाबून तिची माहिती काढली आणि मला हाक मारली. “ये, बघ. तू रोज टाइप करतेस. हे एवढं म्हणजे किती पानं?”

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. “दहा. फार तर बारा.”

“चार वर्षांची?”

बाकीची गेली, दुसरं काय? सिस्टरांनी अख्खी डिस्क धुंडाळली, कचरापेटी पाहिली, खराब जागा शोधणारी तपासणी चालवली. काहीही खराब झालेलं नव्हतं. मग त्या तारखांकडे बघत बसल्या. फाइल सुरू केल्याची तारीख चार वर्षांपूर्वीची. शेवटची दुरुस्ती काल सकाळची, पूजेच्या आधीची. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“तात्यांना आत बोलव. एकट्यांना. व्हिजिटर बाहेर.”

दार लावून घेतलं. मी पोटमाळ्यावर जायला निघाले तर त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं, म्हणजे जा, पण ऐकू येणारच हे दोघींनाही माहीत होतं. तात्या फाइल उघडून बोटानं एकेक पान मोजत होते.

“अकरा,” ते म्हणाले.

“तात्या, किती होती?”

तात्यांनी पुन्हा पहिल्या पानावर बोट ठेवलं.

“अकराच होती, सिस्टर.”

मग त्यांनी सांगितलं. खालमानेनं, तुटक तुटक. “रोज सकाळी उघडतंय. पयल्या पानापासून वाचूक लागतंय. खय काय खटाकला की पुसतंय. दोन वळी लिवतंय, तीन पुसतंय. गोदीत माप बसल्याशिवाय काम हातातून सोडूक नाय कदी. ह्या बसतच नाय. भायर सगळे इचारतत, काय सांगू? ते दोगे बसलेहत भायर. त्येंचा नाव अजून येवकच नाय पुस्तकात.”

मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. चार वर्षं तो ताठ पाठीचा म्हातारा रोज आंघोळ करून पहिल्याच पानावर कानस मारत बसला होता, आणि भिंतीपलीकडे आम्ही टकटक ऐकून कौतुक करत होतो.

सिस्टर उठल्या, दार उघडलं. मी वरून बघत होते. आता या काय सांगणार? त्या खोटं कधी बोलत नसत, पेशंटच्या भल्यासाठीसुद्धा नाही.

“पुस्तक सुखरूप आहे,” सिस्टर म्हणाल्या. “एक अक्षर गेलेलं नाही. आता गर्दी कमी करा, पेशंटला विश्रांती हवी.”

टाळ्या झाल्या. मास्तरीणबाईंनी आपट्याची पानं वाटली. काकी रडल्या.

दार पुन्हा लागलं. सिस्टरांनी तात्यांच्या खोलीतून की-बोर्ड मागवला, टेबलावर ठेवला आणि ट्रेमधला चिमटा उचलला. “आमच्या वॉर्डात नोट्स पेनानं लिहायच्या, तात्या. चुकलं तर वर एक रेघ मारायची, सही करायची, पुढे लिहायचं. पुसायला परवानगी नाही. कितीही घाण दिसू दे.” असं म्हणत त्यांनी चिमट्यानं पुसायचं बटण उचकटलं. टिक. मग त्याच्या शेजारचं डिलीटचं. टिक. दोन्ही किडनी ट्रेमध्ये पडली.

“अहो, पण चुकला तर?”

“चुकलं असं लिहायचं आणि पुढे जायचं. दिवसातून एकदा, सकाळी, एक पान. मागचं पान वाचायचं नाही. संध्याकाळी मी आकडा विचारायला येईन. आकडाच, वाचणार नाही.” त्यांनी केसपेपर काढला, त्यावर ताप लिहायचा तक्ता आखला आणि पहिल्या चौकोनात लिहिलं : ११.

तात्यांचं मशीन नव्या पेटीत, नव्या भागांसह उभं राहिलं, डिस्क तीच. झाकण सिस्टरांनी स्वतः काकींना परत दिलं, खंडेनवमीपुरतं. पुढच्या पहिल्या रविवारी तात्यांनी स्वतःहून दार उघडलं. चौकटीवर बरोबर पडलं तेव्हा गॅलरीत कुणीतरी शिट्टी मारली.

औषध सोपं नव्हतं. पहिल्या आठवड्यात तक्ता अकरावरच अडला. नंतर कळलं की तात्या पेन्सिलीचं टोक बटणाच्या भोकात खुपसून पुसतायत. सिस्टरांनी भोकावर चिकटपट्टी मारली आणि वर तारीख घातली. मग आकडे चढायला लागले. तेरा, चौदा, चौदा, सतरा. माझं लग्न ठरून मी डोंबिवलीला गेले तेव्हा तक्ता शहाण्णववर होता. सामान उचलताना मला चाळ सोडण्यापेक्षा तो आकडा सोडून जायचं जास्त जिवावर आलं होतं.

हे सगळं मी आज उघड सांगते, कारण आता ते गुपित राहिलेलं नाही. पुस्तक पुरं झाल्यावर तात्यांनी सत्यनारायणाच्या मांडवात पुन्हा माइक धरला आणि अकरा पानांची गोष्ट स्वतःच अशी रंगवून सांगितली की लोक हसून लोळले. गोदीतले सोबती पहिल्या रांगेत होते. दोघांचीही नावं बाराव्या पानावर आहेत. स्पायरल बाइंडिंगची माझी प्रत माझ्या उशाशी आहे आणि त्यातली मला सर्वांत आवडणारी वाक्यं तीच, जी कुणीही संपादक काढून टाकेल : ‘जहाज पांढऱ्या रंगाचं होतं. चुकलं, राखी होतं.’ ‘त्या दिवशी मी घाबरलो नाही. चुकलं, घाबरलो होतो.’

गेल्या दिवाळीत सिस्टरांकडे गेले होते. आता त्या पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे बोलतात, पण टेबलावर कुणाचं तरी मशीन उघडं पडलेलं होतंच. चपला मी आपणहून बाहेर काढल्या. खिळ्याला तात्यांचा केसपेपर लटकत होता. शेवटच्या चौकोनात २१४, आणि खाली त्यांच्या तिरक्या अक्षरात : पेशंट बरा. घरी सोडला. त्याखाली चिकटपट्टीनं ते पुसायचं बटण चिकटवलेलं.

“हे परत नाही दिलंत त्यांना?”

“दिलं होतं. त्यांनीच आणून टाकलं.”

“का?”

सिस्टरांनी भिंतीवर बोटानं दोनदा टकटक केलं. पलीकडचा एका बोटाचा आवाज थांबला आणि तात्यांचा खणखणीत आवाज आला.

“रवांदे तुमच्याकडेच! दुसऱ्या भागाची सात झाली!”

सिस्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नवा केसपेपर काढला.